थंडीत रिमोट स्टार्टर चालेना: बिघाड बॉनेटच्या स्विचमध्ये

कॅनडातलं कॅलगरी, उणे २२ अंश. गाडीला रिमोट स्टार्टर आहे, म्हणजे दुरून बटण दाबून इंजिन सुरू करणारं यंत्र. रिमोट दाबला की पार्किंग लाइट लुकलुकायचे, पण इंजिन फिरायचंच नाही. किल्लीने मात्र गाडी लगेच सुरू. हा रिमोट स्टार्टर गाडीच्या कंपनीचा नाही, नंतर बसवलेला.

रिमोटमधला सीआर २०३२ बटण सेल बदलला, गाडीची बॅटरी तपासली (१२.६ व्होल्ट, ठणठणीत). तरी फरक नाही. तीन आठवडे पहाटे कुडकुडत काचेवरचा बर्फ खरवडला.

लाइट लुकलुकतात म्हणजे सिग्नल पोचतोय, स्टार्टरच नकार देतोय. बॉनेट उघडं वाटलं की तो इंजिन फिरवत नाही. हे त्याला बॉनेटखालचा पिन स्विच सांगतो: बॉनेट लावलं की पिन दबते, उघडलं की वर येते आणि स्विचची वायर अर्थ होते. या स्विचवर, बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाचा ओला थर साचला होता आणि त्यातून बॉनेट बंद असतानाही वायर अर्थ होत होती.

आधी स्विचची वायर काढली, ती कुठे टेकणार नाही असं पाहिलं, बॉनेट लावून रिमोट दाबला. गाडी सुरू! दोषी सापडला. मग गाडी बंद करून स्विच खोलला, कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, बारीक पॉलिश पेपरने गंज काढला, पूर्ण वाळू दिला, डायइलेक्ट्रिक ग्रीस (वीज न वाहू देणारं, ओल रोखणारं) लावून परत बसवला आणि वायर जोडली. शेवटी बॉनेट उघडं ठेवून रिमोट दाबला: इंजिन फिरलं नाही, म्हणजे उघडं बॉनेट स्विचला कळतंय. वायर काढूनच ठेवू नका. बॉनेटमध्ये हात असताना कुणी रिमोट दाबला तर?