जीप चेरोकीत वेगळ्या वर्षाचे ४.० लिटरचे इंजिन कसे बसवावे

जीप चेरोकीच्या एक्सजे पिढीत ४.० लिटरचे, एका रांगेत सहा सिलिंडर असलेले इंजिन १९८७ साली आले आणि पुढे कोमांचे, रँग्लर व ग्रँड चेरोकी या गाड्यांतही बसत ते २००६ पर्यंत बनत राहिले. या सबंध काळात ९८.४ मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा व्यास), ८६.७ मिलिमीटरचा स्ट्रोक (पिस्टनची वरखाली चाल) आणि १-५-३-६-२-४ हा फायरिंगचा, म्हणजे सिलिंडरांत ठिणगी पडण्याचा, क्रम बदलला नाही. त्यामुळे एका वर्षाचे इंजिन दुसऱ्या वर्षाच्या गाडीत बसते हे खरे आहे. परंतु नुसते बसणे आणि सुरू होऊन नीट चालणे यांत बरेच अंतर आहे, कारण धातूचा गाभा जवळपास तसाच राहिला तरी त्याभोवतीची इंधनाची, प्रज्वलनाची आणि सेन्सरांची यंत्रणा मात्र वेळोवेळी बदलत गेली.

या कामाचा पाया असलेला नियम एकच आहे. आणलेल्या इंजिनाचा ब्लॉक (सिलिंडर असलेला मुख्य गाभा), क्रँक (पिस्टन फिरवतात तो दांडा), पिस्टन, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि जमल्यास हेड (ब्लॉकवर बसणारा व्हॉल्व्हांचा भाग) एवढेच घ्यावे, आणि बाहेरून जडलेले बाकी सर्व काही, म्हणजे मॅनिफोल्ड (हवा आत आणि धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा जोड), इंजेक्टर, इंधनाची रेल, डिस्ट्रिब्युटर किंवा कॉइल, सेन्सर, फ्लेक्सप्लेट अथवा फ्लायव्हील (क्रँकच्या मागच्या टोकावरची तबकडी) आणि वायरिंग, आपल्या गाडीच्या जुन्या इंजिनावरून काढून त्यावर चढवावे. गाडीच्या कॉम्प्युटरला ब्लॉक कोणत्या वर्षाचा आहे हे कळत नाही. त्याला फक्त सेन्सरांचे संकेत कळतात, आणि ते त्याच्या ओळखीचे असले की तो इंजिन बिनतक्रार चालवतो.

वर्षांचे कालखंड

१९८७ ते १९९० या वर्षांच्या गाड्यांत रेनॉ आणि बेंडिक्स यांनी मिळून तयार केलेली इंधन यंत्रणा होती, जिला सर्वजण रेनिक्स म्हणतात. १९९१ पासून क्रायस्लरची यंत्रणा आणि वरच्या बाजूला सरकवलेले इनटेक पोर्ट (हवा आत येण्याची तोंडे) असलेले नवे हेड आले, आणि ताकद १९० अश्वशक्तीपर्यंत गेली. १९९६ साली ब्लॉक अधिक मजबूत करण्यात आला, खालच्या मुख्य बेअरिंगच्या कॅपांना एकत्र बांधणारी पट्टी त्यात बसवण्यात आली आणि त्याच वर्षी ओबीडी-२ ही तपासणी यंत्रणाही आली. २००० सालच्या चेरोकीत डिस्ट्रिब्युटर जाऊन त्याच्या जागी स्पार्क प्लगांवर थेट बसणारी कॉइलची पट्टी आली.

१९९१ ते १९९९ या काळातील गाडीत याच काळातले इंजिन घालणे सर्वांत सोपे असते. त्याच गाडीत २००० नंतरचा ब्लॉक घालणेही फारसे अवघड नाही: डिस्ट्रिब्युटरच्या भोकात बसवलेला कॅम सेन्सरचा सुटा भाग उपसून तेथे आपला डिस्ट्रिब्युटर घालावा लागतो. रेनिक्स गाडीत पुढच्या काळातले इंजिन घालताना मात्र काळजी घ्यावी लागते. रेनिक्सचा इनटेक मॅनिफोल्ड नव्या हेडच्या पोर्टांशी नीट जुळत नाही, शिवाय रेनिक्सच्या कॉम्प्युटरला ब्लॉकवरचा नॉक सेन्सर (इंजिनातली ठोठो ओळखणारा) आणि ब्लॉकवरचाच कूलंटच्या तापमानाचा सेन्सर लागतो. म्हणून अशा वेळी रेनिक्सचे जुने हेड नीट करून तेच नव्या ब्लॉकवर चढवणे हा माझ्या मते सर्वांत शहाणपणाचा मार्ग आहे. मात्र त्या दोन सेन्सरांसाठी ब्लॉकवर आटे पाडलेली भोके आहेत की नाहीत, हे इंजिन विकत घेण्याआधीच हात लावून पाहून घ्यावे.

इंजिन निवडताना

हेडवर ओतकामातला क्रमांक असतो आणि त्याच्या शेवटच्या चार अंकांवरून हेड ओळखले जाते. १९९१ ते १९९५ या काळातले हेड ७१२०, १९९६ ते १९९९ या काळातले ०६३० आणि त्यानंतरचे ०३३१. यातील ०३३१ या हेडबद्दल विशेष सावध राहावे, कारण २००० आणि २००१ सालच्या अनेक हेडांना तिसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरच्या मधोमध तडा जातो आणि कूलंट तेलात उतरते. ऑइलचे झाकण काढून आत विजेरीने पाहावे. दुधाळ, चिकट साका दिसला तर ते हेड घेऊ नये. याच क्रमांकाचे पुढे सुधारलेले हेडही मिळते, आणि त्यावर तिसऱ्या-चौथ्या सिलिंडरच्या मधल्या त्याच जागी टूपी या ओतशाळेचे नाव उठवलेले असते. ब्लॉक उत्तम आणि हेड संशयास्पद असेल, तर १९९६ नंतरच्या ब्लॉकवर आपल्याकडचे ०६३० किंवा ७१२० हेड चढवता येते, आणि हा मेळ फार चांगला चालतो.

इंजिन अजून गाडीतच असेल आणि फिरवता येत असेल, तर कॉम्प्रेशन मोजल्याशिवाय व्यवहार करू नये. प्रत्येक सिलिंडरमध्ये १२० ते १५० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाब मिळावा आणि कोणत्याही दोन सिलिंडरांमध्ये ३० पीएसआयपेक्षा जास्त फरक नसावा. सुटे पडलेले इंजिन घेताना निदान क्रँक हाताने पूर्ण फिरते का आणि ऑइल पॅनच्या तळाशी धातूचा चुरा आहे का, एवढे तरी पाहावे.

कायद्याची बाजूही आधीच तपासावी. उदाहरणार्थ, कॅलिफोर्नियात गाडीपेक्षा जुन्या वर्षाचे इंजिन बसवणे मान्य होत नाही, आणि प्रदूषण नियंत्रणाचे कोणतेही उपकरण काढून टाकता येत नाही.

जुने इंजिन काढणे

बॅटरीची तार काढावी, रेलमधला इंधनाचा दाब सोडावा, कूलंट आणि तेल काढून घ्यावे, आणि एसीचा कॉम्प्रेसर पाइप न सोडता बाजूला बांधून ठेवावा. प्रत्येक कनेक्टर सुटा करण्यापूर्वी त्यावर चिठ्ठी लावावी आणि फोटो काढावा. एक्सजेमध्ये सर्वांत त्रासदायक असतात ते बेलहाउसिंगचे (गिअरबॉक्स इंजिनाला जोडणाऱ्या कवचाचे) वरचे दोन बोल्ट, ज्यांचे डोके बाहेरच्या बाजूने ताऱ्याच्या आकाराचे असते. त्यांना ई-१२ सॉकेट आणि खूप लांब एक्स्टेंशन लागते, आणि गिअरबॉक्सचा क्रॉसमेंबर काढून गिअरबॉक्स मागून थोडा खाली झुकवला की ते हाताशी येतात. ऑटोमॅटिक गाडीत टॉर्क कन्व्हर्टरचे (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागाचे) चार बोल्ट खालच्या झाकणातून एकेक करून सोडावेत आणि इंजिन बाहेर ओढताना कन्व्हर्टर गिअरबॉक्समध्येच मागे ढकलून ठेवावा.

जुळवाजुळव

आता दोन्ही इंजिने शेजारी शेजारी उभी करावीत. सर्वांत महत्त्वाचा भाग आहे फ्लेक्सप्लेट, किंवा हाताने गिअर बदलण्याच्या गाडीत फ्लायव्हील. क्रँकची स्थिती सांगणारा सेन्सर बेलहाउसिंगवर बसलेला असतो आणि तो या तबकडीच्या कडेवरच्या खाचा वाचतो. क्रायस्लरच्या यंत्रणेत चार खाचांचे तीन गट असतात आणि गटातल्या खाचा एकमेकींपासून २० अंशांवर असतात. रेनिक्सच्या तबकडीवरची मांडणी याहून वेगळी असते. चुकीची तबकडी राहिली तर इंजिन स्टार्टरवर फिरत राहते, पण ठिणगी पडत नाही, आणि कारण शोधण्यासाठी इंजिन पुन्हा बाहेर काढावे लागते. हे इंजिन स्वतःच संतुलित असल्याने, म्हणजे तबकडीवर वेगळे वजन जोडलेले नसल्याने, आपली जुनी तबकडी निर्धास्तपणे नव्या क्रँकवर लावता येते. ऑटोमॅटिक गाडीतले इंजिन हाताने गिअर बदलण्याच्या गाडीत घालत असाल, तर क्रँकच्या टोकात पायलट बेअरिंग (गिअरबॉक्सच्या शाफ्टचे टोक धरणारे) बसवणे विसरू नये. त्याचे माप गिअरबॉक्सच्या शाफ्टवरून आणि क्रँकच्या भोकावरून प्रत्यक्ष घ्यावे.

इंधनाची रेल आणि इंजेक्टर आपल्याच गाडीचे ठेवण्याचे कारण दाबात आहे. जुन्या, टाकीकडे इंधन परत पाठवणाऱ्या यंत्रणेत व्हॅक्यूमची नळी लावलेली असताना सुमारे ३१ आणि काढल्यावर ३९ पीएसआय दाब असतो, तर १९९७ नंतरच्या, परतीची नळी नसलेल्या यंत्रणेत तो सुमारे ४९ पीएसआय असतो. इंजेक्टर त्या त्या दाबाला अनुसरून निवडलेले असल्याने ते मिसळले तर मिश्रण बिघडते.

इंजिन रँग्लरमधून आले असेल, तर पाण्याच्या पंपाकडे लक्ष द्यावे. रँग्लरमध्ये पंखा पंपाच्या शाफ्टवर बसतो, तर एक्सजेमध्ये तो वेगळ्या ब्रॅकेटवर असतो, म्हणून पंप आणि पुढचे ब्रॅकेट आपल्या गाडीचेच लावावेत. इंजिन माउंटचे ब्रॅकेट आणि ऑइल फिल्टरचा काटकोनी अ‍ॅडॉप्टर यांचेही तेच. १९९५ पर्यंतच्या गाड्यांत डॅशबोर्डवरच्या तापमापकाचा सेन्सर हेडच्या मागच्या टोकाला असतो. नव्या हेडवर त्या जागी भोक पाडलेले असेलच असे नाही, त्यामुळे हे इंजिन बाहेर असतानाच पाहावे.

इंजिन स्टँडवर आहे तोवर मागचे मेन सील (क्रँकच्या मागच्या टोकाशी तेल अडवणारे), ब्लॉकमधले कूलंटचे प्लग, पाण्याचा पंप आणि व्हॉल्व्ह कव्हरचे गॅस्केट नवे घालावे, कारण मेन सील आणि मागचा प्लग पुन्हा कधीच इतक्या सहज हाताशी येणार नाहीत. हेड चढवत असाल, तर बोल्ट क्रमाने आधी २२, मग ४५ फूट-पौंड आणि शेवटी ११० फूट-पौंडांवर आवळावेत. आवळण्याच्या क्रमातला अकरावा बोल्ट मात्र १०० वरच थांबवावा आणि त्याच्या आट्यांना सीलंट लावावे.

बसवणे आणि सुरू करणे

ऑटोमॅटिकमध्ये इंजिन जोडण्याआधी कन्व्हर्टर फिरवत फिरवत आत ढकलून तो पंपात पूर्ण बसल्याची खात्री करावी. इंजिन आणि बेलहाउसिंग यांची तोंडे हाताच्या जोरावर एकमेकांना टेकली पाहिजेत. बोल्ट आवळून त्यांना ओढून आणले, तर गिअरबॉक्सचा पंप फुटतो.

डिस्ट्रिब्युटर बसवण्यापूर्वी पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या वरच्या बिंदूवर आणावा आणि डिस्ट्रिब्युटरच्या भोकातून लांब पात्याने ऑइल पंप ड्रिलवर फिरवून, डिस्ट्रिब्युटर ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने, रॉकरपर्यंत तेल पोहोचवावे. नंतर डिस्ट्रिब्युटर खाली सरकवताना दातांमुळे रोटर थोडा वळतो, म्हणून तो आधीच तेवढा मागे ठेवून घालावा, म्हणजे शेवटी तो पहिल्या सिलिंडरच्या टोकासमोर येतो. येथे प्रज्वलनाची वेळ हाताने लावायची नसते, ती कॉम्प्युटर ठरवतो. पण रोटर चुकीच्या दाताला बसला तर इंजेक्टरांचा ताल बिघडतो.

फिल्टरसह सुमारे ५.७ लिटर तेल भरावे. सुरू झाल्यावर रिकाम्या फेऱ्यांवर (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता) तेलाचा दाब किमान १३ पीएसआय आणि मिनिटाला १६०० फेऱ्यांच्या वर ३७ ते ७५ पीएसआयच्या दरम्यान असावा. दाब दिसला नाही तर लगेच बंद करावे. कॅम आणि टॅपेट नवे घातले असतील, तर पहिली वीस मिनिटे २००० फेऱ्यांच्या आसपास चालवावे.

सेन्सरची तक्रार राहिली, तर ती शोधण्याची पद्धत आपल्या गाडीच्या वर्षावर ठरते, इंजिनाच्या नव्हे. १९९६ आणि नंतरच्या गाडीत ओबीडी-२ स्कॅनर जोडावा. १९९१ ते १९९५ च्या गाडीत चावी झटपट तीनदा चालू स्थितीत आणली की चेक इंजिनचा दिवा उघडझाप करून दोन अंकी कोड सांगतो. रेनिक्समध्ये असे कोड साठवलेच जात नाहीत, म्हणून तेथे मल्टिमीटर घेऊन एकेक सेन्सर आणि त्याची अर्थिंगची तार मोजावी लागते. हेडच्या आणि ब्लॉकच्या अर्थिंगच्या तारा जेथे टेकतात तो रंग घासून धातू उघडा केलेला आहे का, हे सर्वांत आधी पाहावे.