व्हॉल्व्हची स्वयंचलित सर्किटं बनवताना या चुका टाळा

"ताई, ऑसिलेटर सुरूच होत नाही." नवीन बॅच आली की महिन्याभरात हे ऐकू येतंच. ऑसिलेटर म्हणजे चिपमधल्या बारीक चॅनलांत, विजेऐवजी हवेच्या दाबावर आपले आपण ठोके देणारं सर्किट; इन्व्हर्टर हा त्याचा घटक, इनपुट उलटं करून देणारा. मी विचारते, एकट्या इन्व्हर्टरचा इनपुट-आउटपुट आलेख काढलास? नसतो काढलेला. पाच-सात इन्व्हर्टर थेट एका चिपवर टाकलेले असतात.

आमचा व्हॉल्व्ह साधा आहे. मध्येच तोडलेल्या चॅनलवर पीडीएमएसचा (एक सिलिकॉन रबर) पडदा आणि पडद्याच्या पलीकडे छोटी पोकळी. पोकळीत व्हॅक्यूम दिला की पडदा ओढला जातो आणि वाट उघडते. एका ठिकाणच्या दाबाने दुसरीकडची वाट उघडते, म्हणून तो ट्रान्झिस्टर. आउटपुट या व्हॉल्व्हमधून बाहेरच्या हवेला आणि लांब, अरुंद चॅनलच्या रेझिस्टरमधून व्हॅक्यूमला जोडलं की झाला इन्व्हर्टर. विषम संख्येने ते गोल जोडले की सर्किट आपले आपण ठोके देतं. अर्व्हाइनच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या गटाने २०१३ मध्ये अशाच ठोक्यांवर चिपवरचा पंप चालवला.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मीही घाई केली होती. पाचांची रिंग ढिम्म. तीन आठवडे मी पडदे बदलले, व्हॉल्व्हचा आकार बदलला, पंपावर संशय घेतला. शेवटी एकच इन्व्हर्टर वेगळा बनवला आणि सिरिंजने गेटवरचा, म्हणजे पोकळीतला, व्हॅक्यूम हळूहळू वाढवत गेले. व्हॉल्व्ह पूर्ण उघडला तरी आउटपुटवरचा व्हॅक्यूम जेमतेम उतरत होता. मग पुढचा व्हॉल्व्ह मिटणार कसा? ज्यावर पीडीएमएस ओतून चॅनल घडवतो तो साचा मोजला तेव्हा ५० मायक्रॉनचं चॅनल ६२ मायक्रॉन उंच निघालं. साचा बनवायच्या एसयू-८ या रेझिनची बाटली जुनी होती, द्रावक उडून ते घट्ट झालं होतं. रुंद चॅनलचा अडथळा उंचीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, त्यामुळे तो जवळपास निम्म्यावर आला होता. रेझिस्टर उघड्या व्हॉल्व्हपेक्षा कितीतरी पटींनी जड हवा. माझा तसा उरलाच नव्हता.

तेव्हापासून साच्याची उंची तीन ठिकाणी मोजून वहीत लिहिल्याशिवाय मी पीडीएमएस ओतत नाही. प्रत्येक चिपच्या कोपऱ्यात एक सुटा इन्व्हर्टर ठेवते. त्याने इनपुट नीट उलटं केलं नाही, तर बाकीच्या चिपकडे बघतही नाही. यात अख्खी दुपार जाते. जाऊ द्या.

दुसरी चूक प्लाझ्माची, म्हणजे पृष्ठभाग कायमचे चिकटावेत म्हणून त्यांच्यावर मारायच्या विद्युतभारित वायूची. पडदा काचेला पक्का चिकटावा म्हणून सगळ्यावर प्लाझ्मा मारतात, आणि जिथे तो उचलला जायला हवा त्या बैठकीवरही (व्हॉल्व्ह मिटला की पडदा टेकतो ती जागा) तो कायमचा चिकटतो. मागच्या वर्षी एका विद्यार्थ्याच्या बारापैकी नऊ चिप अशा गेल्या. दोन मिनिटं वाचवायला बैठक झाकली नव्हती. मी पडदा फक्त वरच्या पीडीएमएसच्या थराला प्लाझ्माने जोडते. खालच्या काचेवर तो नुसता टेकवते. स्वच्छ काचेला पीडीएमएस आपोआप धरतं, आणि व्हॅक्यूमच्या सर्किटमध्ये बाहेरची हवाच थर दाबून ठेवते. द्रव दाबाने ढकलायचा असेल तर मात्र हे पुरत नाही. तिथे बैठका झाकूनच प्लाझ्मा मारा.

चालू रिंगला दाब मोजायचा गेज लावू नका. गेजच्या नळीतली हवा चिपवरच्या हवेच्या कितीतरी पट असते, ठोके मंदावतात किंवा थांबतात. सूक्ष्मदर्शकाखाली पडदा हलला की त्यावरचा प्रकाश बदलतो, तोच मोजा.

बोथट पंचाने भोकं पाडू नका, चुरा चॅनलमध्ये जातो.

व्हॅक्यूमची लाइन अख्ख्या मजल्याला एकच असेल, तर रेग्युलेटर लावा. शेजारच्याने फिल्टर चालू केला की तुमचे ठोके बदलतात.

आणि पाण्याचा थेंब रेझिस्टरमध्ये शिरू देऊ नका. पाणी हवेपेक्षा पन्नासेक पट चिकट आहे, एवढ्याशा थेंबाने रेझिस्टर तुंबतो. शिरलाच, तर घाईने जोरात हवा मारू नका, पडदा सुटतो. चिप रात्रभर ६० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवा आणि सकाळी पुन्हा त्या कोपऱ्यातल्या इन्व्हर्टरपासून सुरुवात करा.