रविवारची सकाळ आणि उघड्यावरचे जलरंग

नोकरी आणि घर सांभाळून उघड्यावर जलरंगात चित्रे काढायची असतील, तर दर रविवारी नवी जागा शोधण्याऐवजी एकच जागा आणि एकच वेळ धरावी. इंदूरमध्ये कृष्णपुऱ्याच्या छत्र्या (होळकर घराण्यातील व्यक्तींची दगडी स्मारके) मला यासाठी सर्वांत योग्य वाटतात. सकाळच्या तिरप्या उन्हात दगडातले कोरीवकाम उठून दिसते आणि पोह्यांच्या वेळेला घरीही परतता येते. सावल्या सतत सरकत असल्याने बसल्याबरोबर त्यांच्या कडा पेन्सिलीने आखून घ्याव्यात व पुढे बदलू नयेत, म्हणजे अपुरे चित्र पुढच्या रविवारी त्याच वेळी पुढे नेता येते. माळव्याच्या उन्हाळ्यात रंग भराभर सुकतात, म्हणून कागद दोन्ही बाजूंनी भिजवून फळीवर पसरावा. मुले सोबत असतील, तर त्यांना स्वतंत्र कागद आणि ब्रश अवश्य द्यावेत.