पाच तारखेच्या हप्त्याआधी

पगार सातला, गाडीचा हप्ता पाचला. वर्षभर हे निभावलं, कारण मागच्या पगारातलं थोडंफार उरायचं. एका दिवाळीनंतर खात्यात खडखडाट झाला आणि हप्ता नि पाचशेची एसआयपी (म्युच्युअल फंडात दर महिन्याला जाणारी ठरावीक रक्कम) एकाच दिवशी परत गेले. बँकेने प्रत्येकी अडीचशे अधिक १८ टक्के जीएसटी कापला, एकूण ५९० रुपये. कर्ज देणाऱ्यांनी आपला दंड वेगळा लावला. म्हणजे पाचशे गुंतवायला गेलो आणि त्यापायी २९५ गेले. पैसे नव्हते असंही नाही, दोन दिवस उशिरा होते.

तेव्हापासून २५ तारखेला वही घेऊन बसतो. पहिल्यांदा बसाल तेव्हा वर्षभराचं स्टेटमेंट काढा, महिन्याचं पुरत नाही. डेबिट कार्डाचं वार्षिक शुल्क किंवा मेअखेरीला जाणारे जीवन ज्योती विम्याचे ४३६ आणि सुरक्षा विम्याचे २० रुपये वर्षातून एकदाच दिसतात, म्हणून नेमके तेच विसरतात. जे जे आपोआप कापलं जातं ते तारखेनुसार लिहून काढा. यूपीआय ॲपमधला ऑटोपेचा भागही बघा. ज्या सिनेमाच्या ॲपकडे सहा महिने फिरकला नाहीत, त्याचं मँडेट, म्हणजे आपोआप पैसे कापायची परवानगी, तिथूनच रद्द करा. नुसतं ॲप फोनमधून काढून टाकलं तर पैसे जातच राहतात.

मग खरं काम, तारखा हलवणं. एसआयपीची तारीख बदलणं सोपं आहे. कर्जाच्या हप्त्यासाठी लेखी अर्ज करा, मागे लागा, आणि नवी तारीख लागू झाल्याचं कळेपर्यंत जुन्या तारखेलाही पैसे ठेवा. पगारानंतर तीन-चार दिवसांची तारीख बरी, कारण पगारही कधीमधी लांबतो. मला हे करायला दोन फेऱ्या पडल्या. त्या आधीच मारायला हव्या होत्या.

‘पाचला रविवार आहे, सोमवारी भरू’ हा हिशेब आता चालत नाही. १ ऑगस्ट २०२१ पासून एनएसीएच (NACH) या बँकांच्या यंत्रणेतून थेट खात्यातून कापले जाणारे हप्ते सुटीच्या दिवशीही वळते होतात. पैसे आदल्या संध्याकाळीच खात्यात हवेत. भरलेला चेक वटेपर्यंत तो शिलकीत धरू नका.

किमान शिलकीचं गणित अनेकांना उलटं वाटतं. स्टेट बँकेने बचत खात्यात किमान शिल्लक नसल्याचा दंड २०२० मध्येच काढून टाकला, पण तो लावणाऱ्या बँका आहेत. जिथे महिन्याची सरासरी धरतात, तिथे एखाद्या दिवशी शिल्लक घसरली म्हणून लगेच दंड बसत नाही. सरासरी ३,००० हवी असेल तर ३० दिवसांच्या रोजच्या शिलकीची बेरीज ९०,००० व्हायला हवी. वीस दिवस हजारच होते, तर उरलेले दहा दिवस ७,००० ठेवून भरपाई होते. एवढं जमणार नसेल तर शून्य शिलकीचं मूलभूत बचत खातं मागा. आणि नुसत्या या दंडापायी खातं उणे करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, काउंटरवर हे माहीत असलेलं बरं.

तरीही हप्ता परत गेलाच, तर त्याच दिवशी कर्ज देणाऱ्यांना फोन करा आणि ते हप्ता पुन्हा बँकेत लावणार आहेत का ते आधी विचारा. नाहीतर आपण हाताने भरतो आणि मागून खात्यातूनही कापला जातो. लेखी नोटीस आली तर मात्र ती कपाटात टाकू नका. चेकप्रमाणे असा हप्ता न वटणं हाही कायद्याने गुन्हा ठरू शकतो, आणि नोटीस मिळाल्यापासून पैसे भरायला १५ दिवस असतात.

शेवटचं काम वहीतलं. एका हप्त्याएवढी रक्कम खात्यात कायमची पडून ठेवायची आणि शिल्लक लिहिताना ती वजा करूनच लिहायची. खात्यात १२,४०० आणि हप्ता ७,००० असेल, तर माझ्या वहीत ५,४०० असतात. घरात कुणी विचारलं तरी तोच आकडा सांगतो.