मेंदूविज्ञानाच्या नावाखाली वर्गात होणाऱ्या या चुका टाळा

हल्ली शिक्षण परिषदेत एक तरी नवे शिक्षक 'ब्रेन बेस्ड लर्निंग'वर, म्हणजे मेंदू कसा शिकतो ते बघून शिकवण्यावर, बोलायला उभे राहतात. उत्साह चांगलाच आहे. पण तासाभराचा वेबिनार बघायचा आणि दुसऱ्या दिवशी पोरांवर शिक्के मारायला सुरुवात करायची, याचा मला मनापासून राग येतो. सोलापुरातल्या शाळांमधून त्याच त्या चुका दिसतात, म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

सगळ्यात घातक चूक म्हणजे पालकांना 'घरी तेलुगू बंद करा' असं सांगणं. आपल्या पूर्व भागात पद्मशाली घरांमध्ये तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडच्या कितीतरी घरांत कन्नड. पोर पहिली-दुसरीत अडखळलं की शिक्षक निदान करून मोकळे होतात, 'दोन भाषांमुळे मेंदूत गोंधळ होतो.' असा काही गोंधळ होत नाही. लहान मुलं दोन भाषा एका वेळी शिकू शकतात, आणि मधूनमधून एका वाक्यात दोन्ही मिसळतात ते अगदी नेहमीचं आहे.

विड्या वळणाऱ्या एका आईला हा सल्ला मिळाला. तिचं मराठी बाजारापुरतं. तिने इमानेइतबारे पोरीशी तेलुगू बोलणं सोडलं, मराठीत मनातलं सांगता येईना, आणि घरातलं बोलणंच आटलं. दिवाळीनंतर मी त्या चौथीच्या वर्गात गेलो तर बाई म्हणाल्या, "सर, हिला गणित अजिबात येत नाही." मी पोरीजवळ खाली बसलो. विचारलं, "पंचवीस विड्यांचा एक कट्टा, तर हजार विड्यांचे कट्टे किती?" ती बोटं मोजत काहीतरी पुटपुटली आणि हळूच म्हणाली, "नलभै." म्हणजे चाळीस. उत्तर बरोबर होतं, पण वर्गात ते ऐकायची कुणाची तयारी नव्हती.

अशा वेळी मी पोराला आधी घरच्या भाषेत सांगू देतो. शेजारचं कुणीतरी ते मराठीत सांगतं, मग त्याच पोराकडून मराठीत वदवून घेतो. वेळ जातो. जाऊ दे. त्या आईलाही मी सांगितलं, "ताई, घरी तेलुगूतच बोला, भरपूर बोला, गोष्टी सांगा. मराठीचं आम्ही बघतो."

दुसरी चूक माझ्या डोक्यात जाते. वर्गाची 'बघून शिकणारे, ऐकून शिकणारे, करून शिकणारे' अशी वाटणी करायची आणि बाकावर चिठ्ठ्या चिकटवायच्या. हा समज फक्त आपल्याकडचा नाही. 2012 मध्ये इंग्लंड आणि नेदरलँड्समधल्या शिक्षकांची पाहणी प्रसिद्ध झाली, त्यात 90 टक्क्यांहून जास्त जणांना हे खरं वाटत होतं. त्याआधीच, 2008 मध्ये, मानसशास्त्रज्ञ हॅरोल्ड पाश्लर आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधन तपासलं होतं. मुलाच्या 'शैली'प्रमाणे शिकवल्याने ते जास्त शिकतं, याला पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. शिक्क्याचं नुकसान मात्र लगेच दिसतं. एका शाळेत मी एका मुलाला धडा वाचायला सांगितला तर तो म्हणाला, "सर, मी करून शिकणारा आहे, मला वाचन जमत नाही." सहावीतलं पोर! कसं शिकवायचं हे विषयावरून ठरवा. भीमा कुठून कुठे वाहते ते नकाशावर दाखवा, कविता म्हणून दाखवा, कोन मोजायला कोनमापक हातात द्या. सगळ्यांना सगळं द्या.

बाकीच्या चुका थोडक्यात.

'आपण मेंदूचा फक्त 10 टक्के भाग वापरतो' हे फळ्यावर लिहू नका. मेंदू शरीराच्या वजनाच्या साधारण 2 टक्के असतो आणि ऊर्जा 20 टक्क्यांच्या आसपास खातो. रिकाम्या बसलेल्या अवयवाला एवढी लागत नाही.

तर्कात हुशार ती डाव्या मेंदूची मुलं, कलेत हुशार ती उजव्या मेंदूची मुलं, असं काही नसतं.

बोटांचे ठसे घेऊन मुलाची बुद्धी आणि करिअर सांगणाऱ्यांना शाळेचा हॉल देऊ नका. ठसे आईच्या पोटातच तयार होतात. त्यावरून पोर इंजिनिअर होणार की गायक, ते कळत नाही.

'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'वाले, म्हणजे मुलांचा मेंदूचा मधला भाग जागा करून देतो म्हणणारे, मुलांच्या डोळ्यांना पट्टी बांधून वाचून दाखवतात. नाकाशेजारच्या फटीतून दिसतं. पुस्तक डोक्यामागे धरा, वाचन थांबतं.

आणि घाई करणाऱ्यांसाठी शेवटची. धडा चार वेळा वाचून घेतला, त्याच दिवशी पोरांनी धडाधडा उत्तरं दिली, की 'पाठ झालं' म्हणून पुढे जाऊ नका. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत पुन्हा वाचणारे पुढे होते; आठवड्याने घेतलेल्या परीक्षेत पुस्तक मिटून आठवून पाहणारे पुढे गेले. म्हणून मी सोमवारी वह्या मिटायला सांगतो आणि मागच्या आठवड्यातले तीन प्रश्न विचारतो. पोरं आधी कुरकुरतात, डोकं खाजवतात, आठवायला वेळ घेतात. तो वेळ द्यायचा, उत्तर आपण सांगून टाकायचं नाही. याला गुण अजिबात देऊ नका. गुण दिले की पोरं आठवायचं सोडून शेजारच्याच्या वहीत बघतात.