दुसऱ्याला वाचवताना हल्लेखोर मेला, तर कायदा कुठवर साथ देतो

शेजारच्या घरात कुणीतरी बाईवर कोयता उगारलाय, तुम्ही हाती लागेल ते घेऊन धावलात आणि झटापटीत हल्लेखोर दगावला. हा खून ठरेलच असं नाही. भारतीय न्याय संहितेची (१ जुलै २०२४ पासून लागू) कलमं ३४ ते ४४ याच प्रश्नाची आहेत. जुन्या दंडसंहितेत ती ९६ ते १०६ होती. कलम ३५ प्रमाणे बचावाचा हक्क स्वतःसाठी आहे तसाच दुसऱ्या कुणासाठीही आहे. नातं लागत नाही, ओळखही लागत नाही. हल्लेखोर वेडसर असला तरी हक्क तोच (कलम ३६).

जीव जाईपर्यंत प्रतिकार कधी चालतो, हे कलम ३८ सांगतं: हल्ल्यातून मृत्यू किंवा जबर दुखापत होईल अशी वाजवी भीती असेल, हल्ला बलात्काराच्या, अनैसर्गिक अत्याचाराच्या किंवा पळवून नेण्याच्या इराद्याने असेल, पोलिसांपर्यंत पोहोचताच येणार नाही अशा रीतीने कोंडून ठेवण्यासाठी असेल, किंवा अ‍ॅसिड फेकलं वा पाजलं जात असेल. हाड मोडणं, दात पडणं हीसुद्धा कायद्याने जबर दुखापतच आहे, त्यामुळे डोक्यावर पडणारी लाठी यात बसते. शिवीगाळ, थप्पड, ढकलाढकली बसत नाही. तिथे अडवा, ओढून बाजूला करा, पण जीव घेऊ नका.

दुसऱ्यासाठी धावलेल्याचा ठळक दाखला म्हणजे विश्वनाथ विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य (एआयआर या निकालांच्या संग्रहाचा १९६० चा खंड). माहेरी आलेल्या बहिणीला तिचा नवरा जबरदस्तीने ओढून नेत होता. भावाने खिशातला चाकू काढून एकच वार केला, तो हृदयात गेला. उच्च न्यायालयाने शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने सोडलं. तिला बळाने पळवून नेलं जात होतं, एवढं पुरेसं ठरलं.

खरी गोम वेळेत आहे. कलम ४० प्रमाणे हक्क धोक्याच्या वाजवी भीतीबरोबर सुरू होतो आणि भीती संपली की संपतो. पहिला घाव पडेपर्यंत थांबायची गरज नाही. पण हल्लेखोराच्या हातून कोयता पडला, तो जमिनीवर आडवा झाला किंवा पळत सुटला, की पुढचा प्रत्येक घाव तुमच्या अंगावर येतो. शवविच्छेदनात पाठीवर जखमा दिसल्या तर वकिलाला पहिला घाम तिथेच फुटतो. ‘उद्या बघून घेतो’ या धमकीवर आज रात्री कुणाला गाठणं हा बचाव नव्हे. पोलिसांकडे जायला वेळ होता, तिथे कलम ३७ आड येतं. भांडण ज्याने उकरून काढलं त्याच्याच बाजूने उतरलात तर हक्क डळमळतो, म्हणून धावण्याआधी क्षणभर पाहा, कोण कुणाला मारतंय.

ऐकीव गोष्ट म्हणजे वाजवी भीती नव्हे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. पकडून कोंडलेल्या माणसापासून कुणालाच धोका नसतो.

बळ गरजेपुरतंच हवं. मात्र ते सोनाराच्या काट्यावर तोलायचं नसतं, हे अमजद खान खटल्यात (१९५२) सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलंय. चांगल्या हेतूने, पूर्वतयारी न करता आणि गरजेहून जास्त इजा करायचा इरादा न ठेवता मर्यादा ओलांडली गेली, तर कलम १०१ च्या दुसऱ्या अपवादाने तो खून न राहता सदोष मनुष्यवध होतो. शिक्षा होतेच, कलम १०५ खाली.

घटना घडल्यावर लगेच ११२ ला फोन करा. जखमी हल्लेखोरासाठीही १०८ ची रुग्णवाहिका मागवा. त्याचं हत्यार उचलू नका, रक्त पुसू नका, पंचनाम्यात ते जिथल्या तिथे दिसायला हवं. ज्याला वाचवलं तो पहिला साक्षीदार. आजूबाजूच्यांची नावं, सीसीटीव्ही कुठे आहे, हे टिपून ठेवा. स्वतःच्या अंगावरचे ओरखडेसुद्धा डॉक्टरला दाखवून नोंदवून घ्या. अटक झाल्यास वैद्यकीय तपासणी करावीच लागते आणि अहवालाची प्रत मागता येते (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी कारवाईच्या पद्धतीचा कायदा, कलम ५३). सविस्तर जबाब वकिलाशी बोलून द्या. वकील परवडत नसेल तर विधी सेवेचा क्रमांक १५१०० आहे.

सर्वांत घातक चूक म्हणजे घाबरून ‘मी तिथे नव्हतोच’ म्हणणं. बचाव सिद्ध करायचा भार आरोपीवर असतो (भारतीय साक्ष्य अधिनियम, म्हणजे पुराव्याचा नवा कायदा, कलम १०८), पण तो हलका आहे: तुमची हकीकत जास्त संभवनीय वाटली की भागतं, निःसंशय पुराव्याची अट फिर्यादी पक्षाला असते. नसल्याचं सांगून बसलात की नंतर ‘तिला वाचवायला मारलं’ हे पटवणं फार कठीण जातं.