दगडावर गाडी तापते? आधी पंखा पाहा

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. अशा उन्हात काळ्या पाषाणावर लो-रेंजमध्ये (फोर-बाय-फोर गाडीच्या कमी वेगाच्या, जास्त ताकदीच्या गिअरमध्ये) मुंगीच्या पावलांनी चढताना समोरून वारा लागतच नाही, रेडिएटरची सगळी भिस्त पंख्यावर असते. म्हणून मोठा रेडिएटर घेण्याआधी व्हिस्कस फॅन क्लच, म्हणजे पंख्याला इंजिनशी जोडणारा, आत घट्ट तेल असलेला भाग, तपासा. इंजिन बंद करून पंखा हाताने फिरवा. तो सैल भिरभिरत राहिला किंवा क्लचवर तेलकट डाग दिसला, तर क्लच गेला.

पंख्याभोवतीचा श्राउड, म्हणजे हवेला वाट देणारं आवरण, काढून टाकू नका. तो नसेल तर पंखा इंजिनकडचीच गरम हवा फिरवत बसतो. ग्रिलपुढचे लाइट बारही हवा अडवतात, ते वर हलवा. रेडिएटरच्या जाळीतला चिखल इंजिनकडून पुढे, कमी दाबाच्या पाण्याने धुवा. जोराच्या फवाऱ्याने पत्र्या वाकतात. बोअरचं पाणी मुळीच भरू नका, आत क्षार साचतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घ्या.

चढतानाच तापमानाचा काटा वर गेला तर सपाट जागी थांबा, एसी बंद, हीटर पूर्ण चालू, न्यूट्रलमध्ये १,५०० आरपीएम. कूलंट उकळून बाहेर येत असेल तर मात्र इंजिन लगेच बंद करा. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका. बंद प्रणालीत बाहेरच्या हवेपेक्षा १ बार जास्त दाबाखाली पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण उघडताच ते उसळून अंगावर येतं.